डाव्या पायाच्या तीन लाथा

३ नोव्हेंबर, सकाळी ७
खालच्या मजल्यावरच्या फारूखभाई टेलरच्या कमरेत उसण भरली. कापडाचा तागा उचलताना. क्रांती चौकातल्या डॉक्टरकडं निघाले होते, मी जिन्यातच अडवलं. म्हटलं, बिल्डिंगमध्ये पायाळू माणूस असताना दवाखाना कशाला? मी जन्मलो तेच पायांकडून. असल्या माणसाची लाथ बसली की उसण पळते, हे आमच्या सोयगावात शेंबड्या पोरालाबी ठाऊक. जरा घुटमळले. मग गॅलरीत चटईवर पालथे झाले. तीन लाथा, डाव्या पायाच्या. 'या अल्ला' म्हणाले. आराम पडला असणार.

४ नोव्हेंबर
फारूखभाई दिसले नाहीत. दुखणं गेलं की झोप छान लागते.

६ नोव्हेंबर
फारूखभाईंच्या घरच्या शमशादभाभी जिन्यात भेटल्या. म्हणे कळ आता पोटरीपर्यंत जाते, पायाला मुंग्या येतात. मी समजावलं, दुखणं खाली उतरतंय म्हणजे बाहेर चाललंय. पंधरा दिवस बिलकुल हलू देऊ नका म्हटलं.
त्यांच्या वहिदाचं लग्न २७ ला आहे. जावयाची शेरवानी फारूखभाई स्वतःच्या हातानं शिवणार होते. मशीन चार दिवस बंद. हे मला आजच कळलं. जेवण गेलं नाही. म्हणजे दोन भाकरी गेल्या, तिसरी नाही.

१३ नोव्हेंबर, रात्री ८
फारूखभाईंना डॉक्टरकडं नेलं. रिक्षा मीच आणली, हे इथं लिहून ठेवतो.
डॉक्टरनं त्यांचा पाय सरळ वर उचलून पाहिला, अंगठ्यातला जोर पाहिला. लघवीवर ताबा आहे का, बैठकीची जागा बधिर होते का, विचारलं. तसं काही नाही म्हटल्यावर डॉक्टरच हुश्श झाले. चकती सरकून नस दबल्यासारखी वाटते म्हणे. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, एमआरआयसुद्धा आत्ताच नको. गोळ्या, व्यायाम, आणि चालत राहायचं. दहा दिवस झोपून राहायला कुठल्या शहाण्यानं सांगितलं, असं विचारलं. मी भिंतीवरचं मणक्याचं चित्र बघत होतो.
मग कमरेवरचा काळानिळा डाग दिसला. फारूखभाई म्हणाले, बाथरूममध्ये घसरलो.
लई शरम वाटली. उद्या डॉक्टरला फोन करून खरं सांगायचं. ठरलं.

१४ नोव्हेंबर
डॉक्टर लोक बिझी असतात.

१५ नोव्हेंबर
माझं काय चुकलं, याचा शास्त्रशुद्ध विचार केला. पाय चुकला असावा. सोयगावला आईला फोन लावला, लाथ उजव्या पायाची असते का म्हणून. आई म्हणाली, अरे पायाळू तू कुठला? पायाळू तुझा थोरला भाऊ, कारभारी. तू तर सरळ मुंडक्याकडून आला.
आईचं वय झालंय, विसरते. पण तिनं सुईणीचं नावसुद्धा सांगितलं. आवडाबाई.
लहानपणी कारभारी शाळेत गेला की लोक मलाच धरून न्यायचे. लाथ मारली की गूळ मिळायचा. मी कशाला नाही म्हणतो?
चाळीस वर्षं झाली. किती कमरा झाल्या असतील.

१९ नोव्हेंबर
फारूखभाईंना संध्याकाळी कॉलनीत फिरवतो. आधी दहा मिनिटं, आता वीस. मी पायाळू नाही हे रोज सांगायचं ठरवून निघतो आणि मुंग्या कमी झाल्या का एवढंच विचारून परत येतो. शेरवानी शेवटी दुसऱ्या टेलरकडं गेली. फारूखभाई मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

२७ नोव्हेंबर
फारूखभाई लग्नाच्या हॉलच्या दारात उभे राहिले. कमरेला पट्टा, पण उभे. माझे डोळे भरून आले. जावई आत शिरले तेव्हा फारूखभाईंचा हात आपसूक त्यांच्या कॉलरकडं गेला. शिलाई बघत होते. मला ते बघवलं नाही.
बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. मी पायाळू नाही, माफ करा. ते म्हणाले, बद्रीभाऊ, लाथेवर माझं यकीन कधीच नव्हतं. तुम्ही एवढ्या खुशीनं जिन्यात उभे होता, नाय म्हणायची हिंमतच झाली नाय.
तेवढ्यात त्यांचे मामू मोहियोद्दीन कमर धरून आले. म्हणाले, तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी पायाळू राहतो म्हणे, कोण तो?
फारूखभाईंनी त्यांना क्रांती चौकातल्या डॉक्टरचा पत्ता दिला.
मी तोवर डाव्या पायातला बूट काढला होता. गुपचूप परत घातला.