पत्त्याचा कागद

प्रिय थोरल्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल सोमवारी मिळालं. आत निघालं ते असं: सिगारेटची कार्टनं चार, माझ्या गुडघ्यांचे पट्टे दोन, धाकटीच्या मुलीला रंगाची पेटी एक. पोस्टातून सोडवायला एकशे ऐंशी पडले, बसला जाऊन-येऊन चोवीस. पट्टे छान बसतात. सिगारेटचं खाली लिहिते. खाली म्हणजे नेमकं कुठे, ते माझं मलाच कळत नाहीये. हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करते आहे. आधीचे दोन कागद वाया गेले, त्यांच्या कोऱ्या बाजूवर आता वाणसामानाची यादी करीन.

रविवारी तुझा फोन येतो तेव्हा बाबा समोरच्या खुर्चीत असतात, म्हणून तिथे काही बोलता येत नाही. तूही विचारतोस “सगळं ठीक?” आणि मीही “ठीक” म्हणते. तर ऐक. गेल्या महिन्यात दवाखान्यातून पत्र आलं, की इतकी वर्षं सिगारेट ओढणाऱ्यांची छाती यंत्रात घालून तपासतात, फुकट आहे, या. फुकट आहे म्हटल्यावर मी सोडते होय! बाबा आधी तयार नव्हते. म्हणाले, “काही निघालं नाही तर उगाच गेलो, आणि निघालं तर आता सोडून काय उपयोग?” मी म्हटलं, अहो, बसमधून तेवढंच फिरणं तरी होईल, चला.

तिथे एक लांबट खोली, भिंतीला लावून खुर्च्या, आणि सगळे बाबांच्याच वयाचे. प्रत्येकाचा हात अधूनमधून खिशाकडे जाऊन रिकामा परत येत होता. यंत्राखाली दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण नंबर यायला वेळ लागतो. त्या वेळात एक मुलगी, आपल्या धाकटीएवढीच, एकेकाशेजारी येऊन बसत होती. सिगारेट सोडवायला मदत करणं हेच तिचं काम. मला वाटलं, आता भाषण देणार. पण तिने विचारलं, “काका, आजची पहिली किती वाजता?” बाबा म्हणाले, “सहा दहाला.” “आणि सगळ्यात आवडती कुठली?” हे बाबांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते चक्क खुलले. जेवणानंतरची, म्हणाले, खिडकीतली. मग त्यांनी तिलाही ते दोन्ही बाजूंचं ऐकवलं, निघालं तर आणि नाही निघालं तर. ती हसली. “रोज दहा जण हेच सांगतात, काका. काही निघालं तर औषधपाण्याला बळ लागतं, आणि नाही निघालं तर ते तसंच राहायला हवं ना? दोन्हीकडून मीच जिंकते.”

मग तिने विचारलं, “घरात सिगारेट आणतं कोण?” बाबांनी अंगठा माझ्याकडे केला. “ह्या आमच्या अर्थमंत्री.” आणि थोरल्या, मला लाज वाटायच्या ऐवजी कौतुकच वाटलं स्वतःचं. मी तिला ऐटीत सांगितलं की मुलगा परदेशाहून पाठवतो, इथल्यापेक्षा निम्म्याने स्वस्त पडतं, आणि मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावला की मोजून आठ डबीत घालून देते, नववी मिळत नाही. तिने ते तिच्या कागदावर लिहिलं, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “म्हणजे काकू, डबी तुमच्या हातात आहे.” परत येताना बसमध्ये मला त्या एका वाक्याने स्वस्थ बसू दिलं नाही. देवापुढे दिवा लावायचा, हात जोडून ह्यांना औक्ष मागायचं, आणि त्याच हातांनी आठ मोजून द्यायच्या. इतकी वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आठ दिसल्या, नववी वाचवली ती दिसली.

त्याच दिवशी तिने बाबांच्या दंडावर पहिली पट्टी चिकटवली. त्यातून तंबाखूची तलफ भागेल इतकं औषध थोडं थोडं अंगात जातं. महिन्याच्या पट्ट्या आणि चघळायच्या गोळ्या दिल्या, पैसे शून्य. आता रोज दिवा लावला की मी नवी पट्टी लावते, कालच्यापेक्षा वेगळ्या जागी. बाबा म्हणतात, “पाकिटाला तिकीट लावावं तशी लावतेस. कुठे धाडायचा विचार आहे मला?” त्या मुलीचा दर गुरुवारी फोन येतो. मला ओरडा खाण्याची भीती असते, पण ती फक्त विचारते, अवघड वेळ कुठली गेली.

अवघड सगळीच जाते. ज्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात अक्षराचा एकेक खिळा वेचून ओळी जुळवल्या, त्यांच्या बोटांना आता धरायला काही नाही. त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. एकही दार कुरकुरत नाही, त्यामुळे ते कुठल्या खोलीत आहेत तेही कळत नाही. डब्याचं झाकण नीट लागलं नाही म्हणून माझ्यावर इतके ओरडले की शेजारीण विचारायला आली. मी आपली जपाची माळ घेऊन बसते, पाच मणी होतात आणि उठून बघून येते. मग मणी पहिल्यापासून. देवालाही वैताग आला असेल.

आता जे दोन कागदांवर लिहिता आलं नाही ते लिहिते. तपासणीत ठिपका निघाला आहे. उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढा. डॉक्टर म्हणाले, असे पुष्कळांना निघतात आणि बहुतेक काही नसतात, तीन महिन्यांनी पुन्हा यंत्राखाली बघू, वाढला तर पुढचं. तेव्हापासून मी तांदूळ निवडायला घेतला की एकेका दाण्याशी थांबते. घाबरून धावत येऊ नकोस. पण तू मोठा आहेस, तुझ्यापासून लपवून मी कुणाला सांगू?

आज पट्टीचा तेविसावा दिवस. एकही ओढलेली नाही. आणि विसाव्या दिवशी तुझं पार्सल आलं.

मी ते कपाटात टाकून नळावर गेले, परत येऊन बघते तर बाबा जमिनीवर बसलेले, चारही कार्टनं फोडलेली, पाकिटं इकडेतिकडे. मी असं काही बोलले की ते तुला लिहीत नाही. वीस दिवसांवर बोळा फिरवलात, म्हटलं. त्यांनी पाकिटं एकावर एक रचली, एकही उघडलेलं नव्हतं. म्हणाले, “चिठ्ठी असेल म्हटलं मधे कुठे.” मग म्हणाले, “दरवेळी नसतेच, पण बघतो आपला.” थोरल्या, सात वर्षं पार्सल आलं की ते माझ्या हातातून ओढून स्वतः फोडत आले, आणि मी समजत आले की तलफ आहे.

आज सकाळी ती सगळी पाकिटं मी बादलीत बुडवली. विकली असती तर दुसऱ्याच्या घरात तोच धूर झाला असता. तू घाम गाळून मिळवलेले पैसे मी पाण्यात घातले, आयुष्यात पहिल्यांदा, तेवढं पोटात घाल. बाबा दारात उभे राहून बघत होते. एवढंच म्हणाले, “त्याला पाठवू नकोस म्हणून लिहू नको. वाईट वाटेल त्याला.” आणि वरचा खाकी कागद तेवढा ठेव म्हणाले, ज्यावर तू पत्ता घालतोस तो. मला वाटलं पुस्तकाला घालायला हवा असेल. तर खिडकीत, जेवणानंतर, त्यांच्या जुन्या आवडत्या वेळेला, चष्मा लावून तोच कागद बघत बसले होते. “‘ल’ अजून तसाच काढतो, उलटा,” म्हणाले. सात वर्षांचे सगळे कागद त्यांच्या गादीखाली आहेत, हे मला आज कळलं. सगळ्यांवर नाव माझं आहे.

म्हणून खरं ते कबूल करते. बाबांनी तुला ज्यात लावलं तो छापखाना सोडतो म्हणालास, ते म्हणाले मग हे दारही सोड, आणि तुम्ही दोघं बोलायचे थांबलात. दोन वर्षांनी मी तुला लिहिलं की सिगारेट तिकडे स्वस्त आहेत, पाठवत जा. स्वस्ताईचं निमित्त होतं. तुझ्या हातातून त्यांच्या हातात काहीतरी जावं, एवढंच मला हवं होतं, आणि दुसरं काय पाठवायला सांगावं ते मला सुचलं नाही. पहिलं पाकीट फोडून ते म्हणाले होते, “निवड चांगली आहे पठ्ठ्याची.” त्या शब्दांवर मी सात वर्षं काढली. आता ते वाक्य मला छातीत टोचतं. तुम्हा दोघांत मी दुसरं काहीही मागवू शकले असते. तर आता सिगारेट पाठवू नकोस, त्यांनी नको म्हटलं तरी मी सांगते. पण पार्सल नुसतं बंद झालं तर त्यांचं दोन्ही एकदम सुटेल, आणि तेवढं त्यांना झेपणार नाही. एक कागद पाठव. चार ओळी पुरेत, हवापाण्याच्या असल्या तरी चालतील, माफीबिफी कुणी मागायला नको. फक्त पाकिटावर नाव त्यांचं घाल, पूर्ण, तुझ्या हाताने. पोस्टमन आला की मी मुद्दाम नळावर जाईन. पुढची तपासणी यायच्या आत पोचायला हवं, तेव्हा वाट न बघता उलट टपाली लिही.

तुझीच,
आई