मावशीच्या तीन चुका

१२ जानेवारी

चि. ठकीस, अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मी फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस, तो दादाकडे असतो. मी इथे सुखरुप आहे. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलीस, आता विश्रांती घे, असं तो म्हणतो. माझी फार काळजि घेतो. दुपारी गोळी देतो, मग मी झोपते. नोकरी सुटल्यापासून तो दिवसभर घरीच असतो, त्यामुळे मी अगदी आनंदि आहे.

तू वेळेवर जेवतेस ना? हॉस्पिटलच्या पाळ्या करून वाळून काडी झाली असशील. लग्नाचं विचारत नाही, उगाच फणकारशील.

लोभ धाडते आहे, पुरवून वापर.

तुझी मावशी

२० जानेवारी

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

अगं बाई, हे काय! सुखरूपमधला 'रू' ऱ्हस्व? काळजी आणि आनंदी, दोन्हींना पहिली वेलांटी? लहानपणी माझ्या निबंधात एक वेलांटी चुकली तर तू अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचीस. आता बरी सापडलीस! लाल शाईने खुणा करून तुझंच पत्र सोबत परत पाठवते आहे. दहापैकी सात. जा, कोपऱ्यात उभी राहा.

थट्टा पुरे. मी फोन केला की दादा म्हणतो, आई झोपली आहे. सकाळी दहालाही झोपलेली आणि संध्याकाळी सहालाही? मला हे खटकतंय. गोळीचं नाव कळव. वॉर्डात माणसं कमी आहेत, रजा मिळत नाही, नाहीतर केव्हाच येऊन थडकले असते.

रागावलीस तरी लोभ कमी करायचा नाही.

तुझी आगाऊ भाची,
ठकी

२ फेब्रुवारी

चि. ठकीस, अ. उ. आ.

वेडे, काय करून बसलीस हे! माझी पत्रं दादा आधी वाचतो, मगच टाकतो; आलेलीही तोच फोडतो. म्हणून जिथे खोटं लिहावं लागलं, तिथे मुद्दाम चूक ठेवली. बाकी पान बिनचूक होतं, आठवून बघ. माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी, तू तरी ओळखशील असं वाटलं. तू गुण देत बसलीस.

ते लाल खुणांचं पत्र घेऊन दादा डॉक्टरांकडे जाऊन आला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणारीला आता साधं लिहिता येत नाही, म्हातारी भ्रमिष्ट झाली, असं सांगितलं. अकरा तारखेला तो मला तिकडे नेणार आहे. तसा कागद हाती आला की माझ्या बोलण्याला कुणी विचारणार नाही. घर त्याचं, आणि मी कायमची दाराआड.

खरं काय ते ऐक. माझ्या खोलीला बाहेरून कडी असते. गोळी घेतली की गुंगीत पडून असते. परवा ती थुंकून टाकली तर त्याने हात पिरगळला. मनगट काळंनिळं पडलंय. हे पत्र इस्त्रीवाली बाई कपड्यांच्या गाठोड्यातून नेते आहे. उत्तर तिच्याच पत्त्यावर टाक, मागे लिहिला आहे.

लवकर ये गं. पण पोलिसात नको. पोटचा आहे तो.

तुझी मावशी

५ फेब्रुवारी

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. वॉर्डात आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर डाग दिसला की मीच नव्या मुलींना सांगते, एकट्यात गाठून नीट विचारा. आणि माझ्या मावशीला मी दहापैकी सात दिले! मला स्वतःचीच चीड येते आहे.

रजा मिळो न मिळो, आठ तारखेला येते. एकटी नाही. वृद्धांच्या मदत केंद्रात बोलले आहे. तिथल्या एक बाई आणि चौकीतल्या अधिकारी बाई सोबत असतील. कडी काढतील, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतील. पण दादाला पुन्हा घरात येऊ द्यायचं नसेल तर तुझा जबाब आणि सही लागेल. तुझं 'पोलिसात नको' मी ऐकणार नाही. पोटच्याने पिरगळला म्हणून हात दुखायचा थोडाच राहतो?

तोवर त्याच्याशी वाद घालू नकोस. जिवाला जप.

लोभाला मी पात्र नाही, तरी असू दे.

ठकी

२३ फेब्रुवारी

चि. ठकीस, अ. उ. आ.

तू ड्यूटीवर परत गेलीस आणि घर खायला उठलं. डॉक्टरीणबाईंचा कागद आला. डोकं ठणठणीत आहे म्हणतात, जीभ तर आहेच.

इथे होतीस तितके दिवस तू जबाबाचं म्हणत होतीस आणि मी उद्या-उद्या करत राहिले. दादा मित्राकडे राहतोय, सुधारेल, असं वाटायचं. काल तो आला. दाराबाहेर उभा राहून रडला, भूक लागली म्हणाला. मीही आत रडले. हात कडीपर्यंत गेला होता गं. तेवढ्यात तो ओरडला, की उघड, नाहीतर दुसरंही मनगट पिरगळीन. इस्त्रीवाली बाई माझ्याजवळच होती. तिने माझा हात धरून ठेवला.

आज तिला घेऊन चौकीत गेले. अधिकारी बाई लिहून घेत होत्या. मी म्हणाले, मुलाने जरा ढकललं, हात थोडा जोरात धरला. त्यांनी तेच मला वाचून दाखवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, बाई, तेवढं खोडा. माझ्या मुलाने मला मारलं, असं लिहा.

त्यांनी लिहिलं. मी सही केली.

आता कुणी मला आई म्हणून नावं ठेवली तर ठेवोत. तू लोभ ठेव.

तुझी मावशी