गडग्यावरचे बांगडे

३ एप्रिल १९८६, सकाळी ६
संकल्प. उद्यापासून कॅप्टनला कच्चा आहार. मासिकात सविस्तर लेख आहे. कुत्रा मूळचा लांडगा; शिजवलेल्या अन्नाने मऊ पडला. आमचा कॅप्टन आमटी-भातावर वाढला, म्हणून वानरं आली की खाटेखाली जातो. दोष त्याचा नाही, आमटीचा आहे.
आप्पांना आंब्याच्या राखणीला भिकाजी हवा होता. मी म्हटलं, कॅप्टन असताना राखणदार कशाला? आप्पा म्हणाले, यंदा आंबा राहिला तर बाग तुझ्या हातात, नाहीतर खंडाने दुसऱ्याला कसायला देऊन टाकतो. चाळिशीच्या मुलाला वडील बाग सोपवत नाहीत, हे बरं दिसत नाही. मान्य.

४ एप्रिल
आयुष्यात प्रथम मिरकरवाड्याला, मासळीबाजारात. नाकाला रुमाल. चार बांगडे. मालिनी म्हणाली, ही घाण आवारात आणलीत तर मी माहेरी जाईन. म्हणून बागेच्या टोकाला, कुंपणाच्या दगडी गडग्यावर, केळीच्या पानावर वाढले. कॅप्टनने हुंगलं, शिंकला. बुजला असणार. जेवताना एकटं सोडावं, असं लेखात आहे. सोडून ऑफिसला गेलो.

५ एप्रिल
बांगडे फस्त. पानसुद्धा शिल्लक नाही! चोथ्यासाठी खात असावा.

१२ एप्रिल
आठवडाभर एक वानर नाही. कॅप्टनच्या नजरेत फरक आहे. मालिनीच्या मते फरक नाही, तो रोज दोन वाट्या दहीभात खातो. ती मुखशुद्धी.
वाटेत भिकाजी भेटला. म्हणाला, कालचे बांगडे ताजे होते हो. या लोकांना लांबून वासावर कळतं.

२० एप्रिल
आप्पांनी बागेबद्दल माझं मत विचारलं. पहिल्यांदाच. मी मासिकातला लेख वाचून दाखवला.

२६ एप्रिल
लांडगा पूर्ण जागा झाला आहे. आहार बंद. शिवाय स्कूटरला वास येतो, ऑफिसात कोणी शेजारी बसत नाही.

२९ एप्रिल
वानरं. तीसेक. मी काठी घेऊन एकटा. कॅप्टन खाटेखाली. आंब्याची दोन कलमं सोडून सगळं साफ. आप्पा पडवीतून बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

३० एप्रिल
राखणीला बोलवायला भिकाजीकडे गेलो. तो म्हणाला, मासली बंद केलात, म्हटलं काम बंद झाला. रोज गडग्यावर पानात बांगडे दिसायचे. त्याला वाटलं, घरात चालत नाही म्हणून मजुरी गुपचूप बाहेर ठेवतात. फुकटचं खायचं नाही, म्हणून पहाटेपासून गोफण घेऊन बसायचा. पानावर वाढून मजुरी देणारा मालक पहिलाच, म्हणाला.

२ मे
आप्पांनी बाग खंडाने दिली. उरलेली दोन कलमं घरासाठी ठेवली; त्यांच्या राखणीला भिकाजी. बांगडे मीच आणतो, सकाळी सहाला. त्याची एकच अट: कुत्रा घरी बांधून ठेवा. म्हणाला, तीन आठवडे पहाटे वानरं आली की माझ्याच पायात येऊन लपायचा, गोफण फिरवता येत नाही.