वालूरची सहा मिनिटे

मी, डॉ. धम्मशीला सिद्धोधन खिल्लारे, वय ६९ वर्षे, पूर्वी मानसशास्त्राची प्राध्यापक व संशोधक, आता पेन्शनर, मूळ गाव चुडावा, ता. पूर्णा, हल्ली राहणार परभणी, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. असे प्रत्येकच मृत्युपत्रात लिहितात आणि तपासत कोणी नाही. माझा जन्म माणसांची बुद्धी तपासण्यात गेला, तेव्हा या वाक्याचा पुरावा मी शेवटच्या कलमात साक्षीदारांसमोर देणार आहे. घाई एवढ्यासाठी, की याच घरात मला वेडी ठरवण्याचे काम सुरू झाले आहे.

कलम १. माझे वडील चुडाव्याजवळ रेल्वेचे गेटमन होते. फाटक लावल्या-उघडल्याची वेळ ते गाडी नजरेआड होण्याआधी वहीत टिपायचे. मी म्हणायची, बाबा, नंतर लिहा की, ध्यानात राहतं. ते म्हणायचे, "शीले, डोस्क्यातलं सरकतं माय. लिव्हलेलं जाग्यावर ऱ्हातं." पुढे मी वेळेचा अंदाज, स्मरण आणि निवाडा यांवर जे काही संशोधन केले, ते या एका वाक्याला तक्ते जोडण्यापलीकडे फारसे गेले नाही. वडिलांचा कंदील व हिरवा-लाल बावटा चुडाव्याच्या बुद्धविहारात द्यावा. त्यांनी नको म्हटले तर पुन्हा एकदा विचारावे.

कलम २. माझी तीन स्टॉपवॉचेस निकिता लोखंडे हिला देणार होते. ती माझी शेवटची विद्यार्थिनी आणि आता नर्स आहे. पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून ती घड्याळे तिच्या दवाखान्याला द्यावीत. ती तिथेच असते.

कलम ३. माझे जुने विभागप्रमुख वारले. नाव घेत नाही, त्यांचे चिरंजीव वकिली करतात. ज्या शोधनिबंधावर त्यांचे नाव माझ्या आधी छापले आहे त्याची एक प्रत त्यांच्या वारसांना द्यावी. नाव पहिल्याच ओळीत सापडेल, काम कुठे सापडले तर मला कळवावे.

कलम ४. त्याच निबंधात "एक सहभागी वगळला" असे वाक्य आहे. ते माझे आहे, आणि त्याच्यासाठी हे मृत्युपत्र लिहिले जात आहे.

मार्च १९९२ मध्ये मी वालूरला एका खोलीत चाळीस शेतकरी बसवले. रिकाम्या बसलेल्या माणसाला वेळ किती वाटते हे पाहायचे होते. पद्धत अशी की सगळ्यांची मनगटी घड्याळे काढून स्टीलच्या डब्यात ठेवायची, भिंतीवरचे उतरवायचे, आणि कोण कधी बाहेर गेले, कधी आले हे फक्त मी माझ्या घड्याळावरून वहीत लिहायचे. लिंबाजी नावाचा शेतकरी, तोच तो वगळलेला सहभागी, बिडी ओढायला म्हणून उठला. उकाडा मी म्हणत होता, त्याच्यावाचून पुढचा भाग सुरू होईना, आणि मी दाराकडे बघत बसले. तो आला तेव्हा हसून म्हणाला, "लय वाट बगायला लावली का, बाई?"

त्याच दुपारी तात्यारावांच्या शेतातली कडब्याची गंजी पेटली. शेजारच्या गोठ्यात त्यांची म्हातारी आई चतुराबाई झोपली होती. ती जळून गेली. तात्याराव आणि लिंबाजी यांचे बांधावरून वाकडे होते हे अख्ख्या गावाला ठाऊक. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी मला विचारले, हा माणूस किती वेळ बाहेर होता? वही पेटीत होती, पेटी दुसऱ्या खोलीत होती. मी उठले नाही. म्हणाले, वीस-पंचवीस मिनिटे तरी. शेत दहा मिनिटांवर होते. बरोबर बसले.

चार महिन्यांनी तक्ते करताना वही उघडली. लिंबाजी बाहेर ३:४१, आत ३:४७. सहा मिनिटे. रिकामा वेळ लांबतो हे जगाला सांगायला निघालेल्या बाईचा स्वतःचा रिकामा वेळ लांबला होता, आणि तेवढ्या लांबीत एक माणूस अडकला होता. तेव्हा मी नोकरीत कायम होण्याच्या बेतात होते. कोर्टात शपथेवर पुन्हा वीस-पंचवीसच म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याला जन्मठेप झाली. नवव्या वर्षी तो तुरुंगातच वारला. मी भ्याले होते. याहून मोठे कारण शोधायला तेहेतीस वर्षे मिळाली, सापडले नाही.

कलम ५. ती निळ्या पुठ्ठ्याची वही आणि माझे सविस्तर निवेदन लिंबाजीची मुलगी शिवकन्या हिला द्यावे. ती जिंतूरला शिवणकाम करते. बाप तुरुंगात गेला तेव्हा चौदा वर्षांची होती, आणि तिच्या सासरी अजून तिला "जाळणाऱ्याची" म्हणतात. मी मागच्या वर्षी तिच्याकडे ब्लाऊज शिवायला टाकून आले आणि काही न बोलता परतले. ब्लाऊज उत्तम बसला. बँकेत जे असेल ते आणि हे पूर्ण घर तिलाच द्यावे. तिने नाकारले तरी वही घ्यावी, एवढी विनंती.

कलम ६. माझा भाचा... नाही, भावाचा मुलगा धम्मानंद. (मी खोडत नाही, घाईत चुकले.) त्याला मी लहानाचा मोठा केला. तो वरच्या मजल्यावर राहतो आणि खाली माझ्या नावाची अभ्यासिका चालवतो. वहीचे मी त्याला दिवाळीत सांगितले. तो म्हणाला, "आत्या, मेलेलं कशाला उकरायलात? अभ्यासिकेवरची पाटी लोक उपटून फेकतील." त्यानंतर एका महिन्यात पुढील गोष्टी घडल्या. दिवाणखान्यातले भिंतीवरचे चावीचे घड्याळ पाच वेळा वीस मिनिटे पुढे गेले. माझ्या गोळ्या डबीतून कमी झाल्या. एकदा गॅस उघडा होता, आणि घरात आम्ही दोघेच. प्रत्येक वेळी त्याचे एकच, "तुमीच केलंय आत्या. चला, डॉक्टरला दाखवू." तो मला वेडी ठरवून वही गिळणार आहे. त्याच्याशिवाय दुसरे कोणी असूच शकत नाही. मला त्याची आता भीती वाटते, दाराला आतून कडी घालते. म्हणून त्याला घरातील काहीही देऊ नये. फक्त ते चावीचे घड्याळ द्यावे, त्याने काय केले ते रोज बघायला.

कलम ७. इथून पुढचे साक्षीदारांसमोर लिहीत आहे. योगीराज गिरी, एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक, आणि निकिता, दोघे तीन वाजता आले. धम्मानंद पूर्णेला गेला आहे. डोळे मिटून पाच मिनिटांचा अंदाज मी आयुष्यभर वीस सेकंदांच्या आत सांगत आले. आत्ता दिवाणखान्यात खुर्चीत बसून तोच सांगते. गिरींनी आपले मनगटी घड्याळ लावावे आणि अजिबात बोलू नये. माझ्या बुद्धीचा पुरावा तो हाच.

चाचणी झाली. जसे झाले तसे लिहिते.

मी "झाली" म्हणाले. गिरींनी मनगट माझ्यापुढे धरले. मग म्हणाले, "मॅडम, चौदा झाली."

मला वाटले, डुलकी लागली असेल. निकिताने मान हलवली. म्हणाली, "मॅडम, तुमी मधीच उठलात. स्टुलावर चढलात, घड्याळाची काच उघडली, काटा फिरवला, परत येऊन बसलात. डोळे उघडे व्हते तुमचे. मला वाटलं, चाचणीतच हाय हे."

मी वर पाहिले. घड्याळ वीस मिनिटे पुढे होते. माझ्या बोटाला काट्याचे तेल लागले होते. मी खुर्चीतून उठलेच नाही असे मी शपथेवर सांगितले असते. आवाज जरासुद्धा हलला नसता.

गिरी भला माणूस. हळूच म्हणाले, "पाच लिवा की. कोनाला कळायलंय?"

तुम्हाला कळलंय, गिरी, मी म्हणाले. चौदाच लिहिते.

हा आकडा वाचून कोणताही वकील हे मृत्युपत्र एका दिवसात पाडेल, हे मला समजते. ज्या पुराव्यावर ते उभे करायचे होते तोच उलटला. पण पाच लिहिले तर मी पुन्हा वालूरच्या त्या खोलीत जाऊन बसते, आणि तिथून मला आता उठायचे आहे.

म्हणून वही या मृत्युपत्राच्या भरवशावर ठेवत नाही. निवेदनासह ती आत्ताच निकिताच्या हाती दिली. ती जिंतूरच्या पुढच्या गाडीने जाईल आणि वही शिवकन्येच्याच हातात देईल. वहीला माझ्या बुद्धीची गरज नाही. शाई १९९२ ची आहे आणि अक्षर तेव्हाचे, शाबूत.

कलम ६ मधील आरोप खोटे आहेत. घड्याळ माझेच काम, मग गोळ्या आणि गॅसही माझेच असणार. दुसरे कोणी असूच शकत नाही, असे मी वर लिहिले आहे. ते खोडत नाही. एकाच बाईने दोनदा, न बघता, अगदी खात्रीने माणूस धरला, हे वाचता यावे. धम्मानंद, बाळा, चुकले माझे. वरचा मजला तुझा, खालचा शिवकन्येचा. पाटी तू स्वतःच्या हाताने उतरव. गॅसचा रेग्युलेटर आजपासून काढून तुझ्याकडे ठेव आणि मी मागितला, रडून मागितला, तरी देऊ नकोस. दाराची कडीही काढून टाक. घड्याळ तुलाच, फक्त कारण बदलले.

अंमलबजावणी योगीराज गिरी यांनी करावी.

ठिकाण : परभणी
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५
सही : धम्मशीला सिद्धोधन खिल्लारे

साक्षीदार :
१. योगीराज तुकाराम गिरी. वरील सही बाईंनी आमच्यादेखत केली. वेळ माझ्या घड्याळाप्रमाणे दुपारी ३:४१. भिंतीवर ४:०१.
२. निकिता महारुद्र लोखंडे. वही मिळाली. वही घेऊन निघाले, ३:४७. निघताना मॅडमनी विचारले, "निकिता, चाचणी कधी सुरू करायची?"