बुकिंग नसलेली जागा

उस्मानपुरा, गुरुवार. पाऊस उघडून आठवडा झाला.

पिशोरकडच्या त्या उद्यानात गाडी लावून मुक्काम करता येतो, पण बुकिंग नाही. जो आधी पोचेल त्याची जागा. शनिवारी पहाटेच निघावं म्हणून आज तिथल्या राखणदाराला फोन केला. म्हणाला, "या की. हंगाम सुरू व्हायचाय, कुणीच नाय." आणि लगेच, "म्हातारबा येणार ना?"

आमच्या घरात म्हातारं माणूस आहे, हे ह्याला कुणी सांगितलं? मी तर माझं नावसुद्धा नंतर सांगितलं. फोन ठेवताना परत तेच, म्हातारबा येणार ना. मागं घर रिकामं राहतंय का, याचा अंदाज घेतोय का हा? बायको म्हणते, तुम्हाला सगळ्यांचाच संशय.

वडील तर येणारच नाहीत. महिनाभर एकच पालुपद, "सारा जल्म मेंढरांमागं उघड्यावर निजलो, आता हौसेनं निजू व्हय?"

तरी चैन पडेना. गाडीचं मागचं कुलूप नीट लागतंय का, ते बघायला खाली गेलो. सीटखाली वडिलांची घोंगडी, नीट गुंडाळलेली. उन्हात वाळवल्याचा वास येत होता.

वर आलो. ते टीव्हीपुढं बसलेले. मी सहज म्हणावं तसं म्हणालो, "जागा मिळती का नाही, काय माहीत."

टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "मिळंल. वडाखालची धरून ठेवलीय त्यानं."