निळ्या ॲप्रनच्या खिशात मावेल असं

पेरिन्स फोर्ड, आर्कन्सॉ
सोमवार, ८ नोव्हेंबर

लाडके मार्सी,

इकडचं सगळं ठीक. तिकडचंही, तू फोनवर म्हणालीस तसं, ठीकच आहे असं धरून लिहायला बसलेय. पत्र घरी नको, दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव म्हणालीस, म्हणून पाकिटावर डॉक्टरांचं नाव मोठं आणि तुझं खाली बारीक घातलंय. दातांच्या दवाखान्यात आलेलं पत्र कोण कशाला उघडून बघेल.

पर्ल अजून जिवंत आहे. आंधळी झालीय, तरी पोस्टमन आला की बरोबर त्याच्या पायाशी जाऊन भुंकते. पर्सिमनची फळं यंदा उदंड. मी एक बी चिरून बघितली, आत चमच्याचा आकार निघाला, म्हणजे या हिवाळ्यात फावड्याने बर्फ उपसावं लागणार. तुझे बाबा हसायचे या प्रकाराला, आणि मग गुपचूप जाऊन फावडं विकत आणायचे. गेल्या रविवारी चर्चमध्ये जेवण होतं, मी मक्याचा ब्रेड नेला होता, तो सगळ्यात आधी संपला. कुणी नाव घेतलं नाही, पण मला कळतं.

आता तुझं काम. छोटं पिस्तूल हवं, खिशात बसणारं, आपोआप पुढचं काडतूस भरून घेणारं, आणि तीनशे डॉलरच्या आत. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये अंधार असतो म्हणालीस. आणि मापासाठी म्हणालीस, मी शिवून दिलेल्या निळ्या ॲप्रनच्या खिशात मावलं पाहिजे, बाहेरून दिसता कामा नये. अगं, त्याच कापडाचा दुसरा ॲप्रन माझ्याकडे आहे ना. म्हटलं, टेप कशाला लावत बसा, तोच घालून जाऊ.

तर शुक्रवारी सकाळी तुझी आत्या ॲप्रन घालून ओडेलच्या दुकानात. एका बाजूला गळ आणि गांडुळं, दुसऱ्या बाजूला बंदुका, मधे कॉफीचं भांडं, ते दुकान तसंच आहे. हरणाच्या शिकारीचा मोसम तोंडावर, त्यामुळे सगळं गाव तिथे. ओडेल मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "वर्लीन, खरेदीला आलीस की भांडी घासायला?" मी म्हटलं, तुझ्या दुकानाची दशा बघता दोन्ही करावं लागेल. मिस युनिस तिथेच बसल्या होत्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत आता. चर्चमध्ये पियानो त्याच वाजवतात आणि दर मंगळवारी बायकांना नेमबाजीही त्याच शिकवतात, ओडेलच्या दुकानामागच्या मातीच्या उंच बांधासमोर.

मार्सी, मी साठ वर्षं बंदुका हाताळतेय, पण त्या काचेच्या कपाटात काय काय आलंय ते बघून मी थक्क झाले. पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडंसंच मोठं, आणि आत स्प्रिंगा, खाचा, पिना सगळं जिथल्या तिथे. आमच्या लहानपणी पिस्तूल म्हणजे तुझ्या आजोबांच्या कपाटातलं ते धूड. हे तळहातावर ठेवलं की हात बंद होतो. एवढ्याशा वस्तूत एवढं मोठं काही कोंडून ठेवता येतं, याचं मला त्या काउंटरशी उभं राहून अगदी भय वाटलं आणि नवलही वाटलं, दोन्ही एकदम.

पहिलं ओडेलने काढलं ते सगळ्यात स्वस्त, कोरं करकरीत. रीतीप्रमाणे त्याने काडतुसांचं मॅगझिन काढलं, वरची स्लाइड मागे ओढून अडकवली, आत बोट घालून बघितलं, आणि मग माझ्या हातात दिलं. मी परत बघितलं. मग मिस युनिसना दिलं, तर त्यांनीही बघितलं. एकाने बघितलंय म्हणून दुसरा सोडत नाही, आणि त्यात कुणाला कुणाचा राग येत नाही. तुला आठवतं का, दहा वर्षांची असताना तू हार्लनच्या हातात रिकामी रायफल दिलीस आणि त्याने ती परत उघडून बघितली, तर तू केवढी रुसलीस. बाबांचा माझ्यावर विश्वासच नाही म्हणून जेवायला आली नाहीस. हार्लन तुझ्या खोलीच्या दाराशी बसून म्हणाला होता, "विश्वास वेगळा, बघणं वेगळं." पुढच्या वेळी त्याने दिलेली रायफल तूच उघडून बघितलीस, त्याच्याकडे डोळे वटारून. किती खूश झाला होता तो.

असो. ते स्वस्तातलं मी ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि खिसा गुडघ्यापर्यंत आला. दुकान हसलं. दुसरं इतकं हलकं की खिशात आहे की नाही कळेना, पण मागे नेऊन झाडलं तर हाताला असा झटका की अंगठ्याच्या बेचक्यात सोलवटलं. हलक्याचं हेच असतं, खिशात लाड आणि हातात मार. शिवाय त्याची स्लाइड इतकी घट्ट की माझ्याने मागे जाईना. संधिवात आहे म्हटलं तर मिस युनिसनी आपले हात पुढे केले. बोटं बघितलीस तू त्यांची, आता ती अगदी वाकडी झालीत. म्हणाल्या, "ओढतेस कशाला? ओढू नकोस, ढकल." डाव्या हाताने स्लाइड मुठीत धरली, छातीजवळ घेतली, नळी बांधाकडे, चापापासून बोट लांब, आणि उजव्या हाताने खालचं पिस्तूल पुढे ढकललं. खटकन उघडली. जोर हाताचा नाही, सगळ्या अंगाचा. मी बघतच राहिले. पन्नास वर्षं भजनांचे सूर वाजवून झिजलेली ती बोटं, आणि त्यांना अजून कुणासमोर हार माहीत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते.

तिसरं मात्र हवं तसं मिळालं. जुनं आहे, पोस्टातून निवृत्त झालेल्या एका बाईने इतकी वर्षं वापरलेलं, कडा घासून गुळगुळीत. चपटं, ना जड ना हलकं, तीन-ऐंशी मापाचं लहान काडतूस. स्वस्तातल्या पिस्तुलात बघायचं एकच असतं, अडकतं का. आम्ही काडतुसांची पेटीच्या पेटी संपवली, एकदाही अडकलं नाही. सोबत खिशात ठेवायचं कातडी म्यान, म्हणजे चाप झाकलेला राहतो आणि किल्ल्याबिल्ल्या आत शिरत नाहीत. म्यानाशिवाय खिशात कधीही ठेवायचं नाही, हे लक्षात ठेव. सगळं मिळून तुझ्या तीनशेत बसत होतं.

ॲप्रनच्या खिशात ठेवलं. चुणीसुद्धा पडली नाही. मी दुकानभर फिरले, वाकले, खालच्या फळीवरची कुत्र्याच्या खाण्याची पिशवी उचलली. कुणाला दिसेना. ओडेल डोकं खाजवत म्हणाला, मी स्वतः ठेवताना बघितलं नसतं तर मानलं नसतं. मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

तेव्हा मिस युनिस म्हणाल्या, "सगळं छान आहे गं. पण ती मुलगी दवाखान्यात ॲप्रन घालून जाते का?"

मी हसले. म्हटलं, नाही हो, ते नुसतं मापाला. आणि बोलता बोलता माझंच हसू थांबलं. कारण तू आणखीही सांगितलं होतंस. ओव्हनमधून काही काढायला वाकलं तर कापड लोंबता कामा नये. बाहेर काढताना आवाज होता कामा नये. बिल तुझ्या नावावर कर आत्या, पैसे मी देते. आणि फोन तू करू नकोस, मीच करीन. मी सगळं ऐकत होते आणि माप घेत होते. पार्किंगमध्ये ओव्हन नसतो, मार्सी.

मी हे दोघांना सांगितलं तसं ओडेलने पिस्तूल माझ्याकडून घेतलं, उघडून बघितलं, आणि काचेखाली न ठेवता आतल्या कपाटात ठेवलं. मिस युनिसनी माझ्यासाठी कॉफी ओतली. त्या कधी गोड बोलत नाहीत, तुला माहीत आहे. म्हणाल्या, "स्वयंपाकघर हाताच्या अंतराचं असतं, वर्लीन. तिथे पिस्तूल ज्याच्या खिशात असतं त्याचं राहत नाही. ज्याचा हात जड त्याचं होतं." ब्रेटचा हात केवढा आहे ते मला माहीत आहे. तुमच्या लग्नात त्याने माझा हात हातात घेतला होता तेव्हा माझी अंगठी रुतली होती.

घरी आल्यापासून मला एकच गोष्ट आठवतेय. तू अकरा वर्षांची होतीस, पहिल्यांदाच हार्लनबरोबर झाडावरच्या मचाणावर बसली होतीस. खाली पांढरं धुकं. एक हरिणी पाडस घेऊन तुझ्या अगदी पायाखालून गेली. हार्लनने आम्हाला सांगितलं, पोरीने पापणी हलवली नाही, श्वास घेतला की नाही कळलं नाही, हरिणीने वर बघितलं आणि तिलाही ही फांदीच वाटली. तो ते सांगताना रडत होता. आम्ही सगळे चकित झालो होतो, एवढीशी पोर इतकी स्थिर कशी बसू शकते. आता मला वाटतं, ते न हलणं तू घरात वापरतेस. स्वतःच्या स्वयंपाकघरात, त्याच्या पावलांचा आवाज ऐकत, फांदीसारखी. आणि त्यातूनही तू विचार केलास, माप ठरवलंस, भाव ठरवलास, आणि फोन उचलून मला विचारलंस. त्या घरात राहून हे करायला केवढं धैर्य लागलं असेल ते मनात आलं की मी हातातलं काम ठेवून बसते. मला तुझा राग आलेला नाही, एवढं आधी वाच. मला तुझं फार फार कौतुक वाटतं.

जुलैत तू सगळ्यांच्या जेवणाला आली होतीस तेव्हा त्या उन्हात लांब बाह्यांचा शर्ट घातला होतास. मी विचारलं, तर ऊन सोसत नाही म्हणालीस, आणि मी मानलं. दुसऱ्याच्या हातातली बंदूक उघडून बघते मी, आणि माझ्या भावाची पोर तेवढी न बघता ठेवून दिली.

तर आता ऐक. पिस्तूल मी घेतलेलं नाही. तुझ्या पैशाने आणि माझ्या नावाने घेणारही नाही, दुकानातल्या सरकारी फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो की स्वतःसाठी घेताय का, आणि त्या कागदावर मी खोटं लिहीत नाही. पण ओडेलने ते तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय. मिस युनिसच्या मंगळवारच्या बायकांत तुझी जागा आहे. इथे राहून, त्यांच्याकडे शिकून, स्वतःच्या नावाने तुला ते घ्यावंसं वाटलं तर मी तुला एका शब्दाने अडवणार नाही. माझ्या मागच्या खोलीत नवीन गादी टाकलीय. खिडकी पूर्वेला आहे, परसातलं पर्सिमनचं झाड दिसतं. कुलूप आतून लागतं, मी काल बदलून घेतलं.

शनिवारी मोसम उघडतो. ब्रेट शुक्रवारीच भावांबरोबर शिकारीच्या तळावर जाईल आणि रविवारपर्यंत जंगलातून बाहेर येणार नाही. तुमच्या रस्त्यावर त्या दिवशी एकही पुरुष नसेल, कुठल्याच रस्त्यावर नसतो. मी आयुष्यात मोसमाचा पहिला दिवस चुकवलेला नाही, हार्लन गेला त्या वर्षीसुद्धा त्याच्या मचाणावर बसले होते. या वर्षी चुकवतेय. गावात काय सांगायचं ते मिस युनिस सांगतील, आणि त्यांना उलट विचारायची कुणाची छाती नाही. त्या माझ्याबरोबर गाडीत असतील.

सकाळी उजाडल्यावर येईन. तुला काही बांधून ठेवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, माझ्याशी वादही घालायचा नाही. दार उघड आणि बाह्या वर करून दाखव, एवढंच. तिथे काही नसेल तर मी कॉफी पिईन, तुझी माफी मागेन आणि परत जाईन, आणि तू मला जन्मभर चिडव. तू म्हणालीस घरी सगळं ठीक आहे. माझा तुझ्यावर विश्वास आहे, मार्सी. बघायला येतेय.

स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय न परतणारी,
तुझी वर्लीन आत्या