झाकणावरचे तीन ठोके

दि. ३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाचीचा दात पडल्याचं वाचून आई खुदकन हसली.

काल रविवारी मागच्या अंगणातली भट्टी पेटवली, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. दुपारी शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. अख्ख्या कोंबडीला मीठ, लिंबू, लसूण चोळून ठेवलं, पाय सुतळीने बांधले, निखारे दोन्ही कडांना सारून ती मधोमध जाळीवर ठेवली आणि झाकण लावलं. सगळं अण्णांसारखं. अर्ध्या तासाने झाकणावर चिमट्याचे तीन ठोके पडले. तुला माहीतच आहे, अण्णांनी कधी तोंडाने हाक मारली नाही. तीन ठोके म्हणजे कोंबडी झाली, आणि ऐकेल त्याने परात घेऊन धावायचं. मी सवयीने धावलो. भट्टीपाशी कोणी नव्हतं, चिमटा खिळ्यालाच होता. कोंबडीच्या मांडीत सुरी घातली तर रक्त आलं.

असं तीनदा झालं. सारखं झाकण उघडून कोंबडी बाहेरून काळी आणि आतून कच्ची राहिली. पाहुण्यांनी भिडेखातर छान छान म्हणत खाल्ली.

मला ही भट्टी पाडायची आहे. तुझा होकार कळव. भावोजींना नमस्कार, आणि आजवर लावलास तसाच जीव लावत राहा.

तुझा,
बारक्या

दि. ९ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

घाबरट तो घाबरटच राहिलास! अरे, पत्रा तापला की वाजतो. पुढच्या वेळी निखारे मूठभर कमी घाल आणि झाकणाला हात लावू नकोस, म्हणजे आतपर्यंत शिजेल.

भट्टी पाडायचं मात्र पुन्हा काढू नकोस. तिची वीट न् वीट अण्णांनी रचली आहे, आणि आई रोज तिच्यापाशीच बसते असं तूच लिहितोस. अण्णा गेले तो दिवस आता मनातून काढ. ते कोणाच्याच हातात नव्हतं.

आईला औषध वेळेवर दे. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पत्र लिहायचं थांबवू नकोस. लोभ असावा.

तुझी,
ताई

दि. १५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझा जन्म पत्रा ठोकण्यात गेला. तापलेला पत्रा मोजून तीनदा वाजत नाही, हे मला कळतं.

अण्णा गेले त्या दुपारी तू न्हाणीघरात होतीस, म्हणून तुला ठाऊक नाही. त्या सकाळी मी झाकणाला बसवलेली मूठ अण्णांनी आईसमोर हलवून दाखवली आणि म्हणाले की एवढंही धड येत नाही, कसला कारागीर. मी फुगून आतल्या खोलीत जाऊन बसलो. दुपारी तीन ठोके ऐकले. मग पुन्हा तीन. मग एकच. ते मदतीला बोलावत होते, ताई, आणि मला वाटलं परात मागताहेत. बसू दे वाजवत, म्हणून मी मुद्दाम उठलो नाही. उठलो तो कोंबडी करपल्याचा वास आल्यावर. अण्णा भट्टीपाशी छाती धरून पडले होते. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कळलं असतं तर वाचले असते.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ताई, मला माफ कर, नाहीतर भट्टी पाडू दे. दोन्हीपैकी एक तरी कर. तुझी माया आता उरली असेल तर उत्तर पाठव.

बारक्या

दि. ६ मे

चि. बारक्यास,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

उत्तराला उशीर झाला, कारण चारदा लिहून फाडलं. मी न्हाणीघरात नव्हते. स्वयंपाकघरात होते, आणि परात माझ्या हातात होती. पहिले ठोके ऐकून दारापर्यंत गेलेही. तेवढ्यात तू खोलीत तोंड फिरवून बसलेला दिसलास. वाटलं, याला जाऊ दे, परातीच्या निमित्ताने बापलेकांचा अबोला सुटेल. म्हणून परात खाली ठेवली. दुसऱ्यांदा ठोके पडले तेव्हा मी नळ सोडला, मला ऐकू येत नाही असं तुला वाटावं म्हणून. न्हाणीघराचं मी नंतर सगळ्यांना खोटंच सांगितलं, आणि वर्षभर तुला एकट्याला जळू दिलं.

इथे नळ सोडला की मलाही ते ठोके ऐकू येतात. तुला घाबरट म्हणताना मी काय ऐकत होते, ते मलाच ठाऊक.

माफी मी कुठल्या तोंडाने देऊ? पुढच्या रविवारी येते आहे. कोंबडी लाव. ठोके पडले तर दोघं मिळून जाऊ. आईलाही तेव्हाच सांगू.

लोभ असावा असं आजवर सवयीने लिहीत आले. आज मागते आहे.

ताई